झाकण लावल्यावर

चष्मेवाले काका कॉम्प्युटर पोटाशी धरून पायरी चढले. आजारी मूल दवाखान्यात आणावं, तसे. वहिनीने हातातलं काम खाली ठेवलं. बाकी कुठल्याही दिवशी चाललं असतं, पण आज कुणी विकलेला डबा परत आणायला नको होता.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. घरातलं प्रत्येक माणूस गेले कित्येक आठवडे ज्या कामाला जुंपलं होतं, ते काम आता खोक्यांत भरून भिंतीला टेकवून छतापर्यंत रचलेलं होतं. शाळांचे कॉम्प्युटर. दुपारी ट्रक येणार होता. एवढी मोठी मागणी या घराने कधी पाहिली नव्हती. ती मिळवण्यासाठी वहिनीच्या नवऱ्याने, म्हणजे सगळ्यांच्या दादाने, शिक्षण खात्याचे इतके उंबरठे झिजवले होते की तिथला शिपाई त्याला खात्यातलाच माणूस समजायला लागला होता. त्याच खात्यात असलेल्या ताईच्या नवऱ्याने आपल्या साहेबांपुढे शब्द टाकला होता. म्हणून ताई सकाळीच माहेरी येऊन स्टुलावर बसली होती. ट्रक जाताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण हलणार नाही, असं तिने आल्याआल्या जाहीर केलं होतं.

"काय झालं काका? बंद पडला का?" वहिनीने विचारलं.

"बंद पडला असता तर बरं झालं असतं." काकांनी डबा टेबलावर ठेवला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन काचा होत्या. "या बघा. एकाच माणसाच्या, एकाच डोळ्याच्या, नंबरही तोच. ही सकाळी घासली, ही दुपारी. दोन्हींत फरक आहे."

वहिनीने काचा उजेडाकडे धरल्या. तिला काही दिसलं नाही.

"तुम्हाला नाही दिसायचा. गिऱ्हाइकाला दिसला. चष्मा घालून जिना उतरत होता, पायरी चुकली. गुडघा घेऊन बसलाय घरी."

"घासायचं मशीन तपासलंत?" खोक्यांच्या मागून दादाने विचारलं.

"तपासलं तर. ते बिचारं सांगितलं तेवढं घासतं. सांगणारा चुकतोय." काकांनी डब्यावर टिचकी मारली. "आणि रोज नाही चुकत. हेच तर डोकं खातंय माझं."

आतल्या खोलीतून सासऱ्यांचा, अण्णांचा आवाज आला, "कोण चुकतंय?" आणि आवाजापाठोपाठ अण्णा आले. अण्णा नेहमी असेच यायचे, आधी आवाज, मग माणूस. "माझा डबा चुकत नाही, चष्मेवाले. बंद पडेल, अडकेल, जळेलसुद्धा. चुकणार नाही."

अण्णांचा सगळा धंदा एका गोष्टीवर उभा होता, आणि ती गोष्ट ते येईल त्याला सांगायचे. प्रोसेसर बनवणारी कंपनी एकाच चकतीवर पुष्कळशा चिपा एकदम घडवते. सगळ्या सख्खी भावंडं. मग कंपनी त्यांना पळवून बघते. जोरात पळतात त्यांना मोठं नाव आणि मोठी किंमत, दमतात त्यांना स्वस्त कुटुंबात घालायचं. इथे अण्णा थांबायचे आणि ऐकणाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारायचे. "पण बाजारात गिऱ्हाईक जास्त कशाला? स्वस्ताला. दमणारी पुरत नाहीत. मग कंपनी काय करते? चांगली पळणारी पोरंसुद्धा गरिबाचं लेबल लावून बाहेर पाठवते. लेबल म्हणजे कंपनीचा भित्रेपणा. आपण फक्त त्यांना पळायला सांगायचं."

तसं ते सांगत आले होते. स्वस्त प्रोसेसर घ्यायचा, त्याचा वेग लेबलच्या वर चढवायचा, दिवसभर त्याच्याकडून गणितं करून घ्यायची आणि टिकला तर विकायचा. टिकला नाही तर थोडा उतरवायचा. अण्णांचा डबा बाजारातल्या महागड्या कॉम्प्युटरच्या बरोबरीने पळायचा आणि निम्म्या ऐपतीच्या माणसाला परवडायचा. वेग चढवायचं काम आता धाकट्या दिराकडे, बारक्याकडे होतं. टिकतो की नाही हे बघायचं वहिनीकडे. खोक्यावरच्या 'तपासले' या शिक्क्याखाली सही तिचीच असायची.

"लाव गं याला," अण्णा म्हणाले. "होऊन जाऊ दे."

वहिनीने स्क्रू काढले, झाकण उचलून खाली भिंतीशी उभं केलं आणि चाचणी सुरू केली. चाचणी साधीच होती. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं लांबलचक गणित डबा पुन्हा पुन्हा करायचा. उत्तर जुळलं की हिरवी ओळ, नाही जुळलं की लाल. अण्णा शेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी प्रोसेसरवरच्या पत्र्याला बोट लावलं. रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हापासूनची सवय. पाठ उघडी टाकायची, कान द्यायचा, बोट लावायचं.

हिरव्या ओळी पडत राहिल्या.

"बघा," दादा म्हणाला. त्याच्या आवाजातली सुटका वहिनीला स्पष्ट ऐकू आली. "काही झालेलं नाही त्याला."

"मग माझ्या दुकानात गेला की याच्या अंगात येतं का?" काका म्हणाले.

ताई हसली. वहिनीला हसू आलं नाही. "तुमच्याकडे कुठे ठेवलाय काका? उन्हात वगैरे?"

"छे हो. काउंटरखाली. सावलीत."

"वर काही कापडबिपड?"

"काही नाही. तुम्ही दिला तस्साच आहे. झाकण आहे की त्याला त्याचं."

वहिनीची नजर भिंतीशी उभ्या केलेल्या झाकणाकडे गेली आणि तिथेच राहिली. झाकण लावायचं काम सासूबाईंचं, आईंचं. सगळ्यात शेवटचं काम. चाचणी उघड्यावर व्हायची, कारण अण्णांना बोट लावायचं असायचं. मग आई झाकण लावायच्या, मग खोकं. झाकण लागल्यावर या घरात डबा कधी कुणी चालू केला होता का? तिने आठवून पाहिलं. एकही आठवला नाही.

तिने काही न बोलता झाकण उचललं आणि लावायला घेतलं.

"काय करतेस?" अण्णांनी बोट काढून घेतलं.

"बघते जरा."

मग नुसतं बसून राहायचं होतं. ताईने काकांना त्यांच्या सुनेची खुशाली विचारली. आई जिन्यावरून खाली आल्या, त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि चहाचं विचारायचं राहून गेलं. हिरवी ओळ, हिरवी ओळ. डब्याचा पंखा आता जरा वरच्या पट्टीत फिरत होता. दादा दारापर्यंत गेला, रस्त्यावर बघून परत आला. हिरवी ओळ. आणि मग एक लाल.

तिच्यामागून लगेच पुन्हा हिरव्या सुरू झाल्या. डबा थांबला नाही, अडकला नाही, पडदा निळा झाला नाही. चुकीचं उत्तर देऊन तो खुशाल पुढे निघून गेला होता.

कुणी काही बोलायच्या आत ताई उठली. "काका, वर चला बघू तुम्ही. आई, यांना चहा दे. किती दिवसांनी आलेत."

काकांना जायचं नव्हतं, पण ताईने एकदा कुणाला वर न्यायचं ठरवलं की माणूस जायचाच. आईही मागोमाग गेल्या. परत येताना ताईने जिन्याचं दार ओढून घेतलं.

"बारक्या," वहिनीने हाक मारली. "इकडे ये."

बारक्या कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता. त्याने लाल ओळ पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. "या मोसमातल्या चिपा नव्या आहेत," तो म्हणाला. "म्हणजे नाव तेच, लेबल तेच. पण कंपनीने आतून बदलल्यात. वेग चढवला की जुन्यांपेक्षा जास्त तापतात. मला माहीत होतं वहिनी. पण तुझ्या चाचणीत सगळ्या टिकत होत्या, म्हटलं ठीक आहे."

"उघड्यावर टिकत होत्या."

"हो. उघड्यावर."

"आणि शाळांच्या?" हा प्रश्न ताईचा होता.

बारक्याने मान खाली घातली. "त्याच."

वहिनीने कात्री घेतली आणि हाताशी आलेल्या पहिल्या खोक्याची पट्टी कापली. दादा मध्ये आला. "अगं, काय चाललंय? एका चष्मेवाल्याचा डबा बिघडला म्हणून भरलेला माल फोडणार तू?"

"एक बघू द्या."

"ट्रक निघालाय तिथून."

"मग बघायला वेळ कमी आहे. सरका."

पहिला डबा टिकला. दादाने हुश्श केलं. दुसराही टिकला. "झालं समाधान?" दादा म्हणाला, आणि खरं तर वहिनीलाही तेच हवं होतं. चष्मेवाल्याचा एक डबा नासका निघाला, संपलं, चहा घेऊ. तिसऱ्याला बराच वेळ हिरव्या ओळी आल्या. ती उठणारच होती, तेवढ्यात लाल आली.

तिला वाटलं, सगळेच चुकले असते तर बरं झालं असतं. आता कुठला बरोबर आणि कुठला चूक, हे एकेकाला झाकण लावून दिवसभर पळवल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि प्रत्येक खोक्यावर तिने सही केलेली होती.

"उपाय सांगा," दादा म्हणाला. "रडगाणं नको, उपाय."

"वेग उतरवायचा," बारक्या म्हणाला. "सगळ्यांचा. लेबलवर आणायचा. लेबलच्या वेगाला झाकण लावूनसुद्धा काही होणार नाही, कंपनी तेवढं बघूनच देते."

"आणि नमुना? साहेबांपुढे मी जो नमुना चालवून दाखवला, तो कुठल्या वेगाचा होता? त्यांनी घड्याळ लावून बघितलं होतं, धड्याचा प्रोग्रॅम किती वेळात उघडतो ते. लेबलच्या वेगाला तो उघडेपर्यंत पोरं जांभया देतील. माल परत करतील ते आपला."

"मोठे पंखे बसवू."

"आहेत कुठे एवढे पंखे?"

आई जिन्याच्या दारात येऊन उभ्या होत्या, कधी आल्या कळलं नाही. "झाकणंच नका लावू मग," त्या म्हणाल्या.

"शाळेत, आई?" ताई म्हणाली. "पहिल्या दिवशी पोरं आत पेन्सिली खुपसतील."

क्षणभर सगळे हसले, आणि ते हसू लगेच विरलं. दादा खोक्यांना टेकून उभा राहिला. त्याने आवाज खाली आणला. गिऱ्हाइकाला पटवताना आणायचा तसा. वहिनी हा आवाज ओळखून होती. "हे बघा. आज माल जाऊ दे. शाळा उघडायला अवकाश आहे. मी आणि बारक्या एकेका शाळेत जाऊ, देखभालीला आलोय म्हणू, आणि वेग उतरवून येऊ. कुणाला कळणारही नाही. ताई, तुला काय वाटतं?"

"मला पटतंय," ताई म्हणाली. "ह्यांनी शब्द दिलाय तिथे. आज ट्रक नाही गेला तर ह्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"अण्णा?"

अण्णा इतका वेळ गप्प होते. त्या घरात सगळ्यात भीती वाटावी अशी गोष्ट कुठली असेल तर हीच. "लाल ओळ यायलाच नको होती," ते म्हणाले. "मी प्रत्येकाला बोट लावलंय. तापलेला डबा मला कळतो."

"अण्णा," वहिनी हळू म्हणाली, "आता लावा बरं बोट."

टेबलावरचा तिसरा डबा अजून चालू होता. अण्णांनी हात पुढे केला आणि हात मध्येच थांबला. बोट ठेवायचं कुठे? पुढे नुसतं झाकण. त्यांनी झाकणावर पूर्ण तळवा टेकवला. नंतर दुसरा तळवा. कान जवळ नेला. पडद्यावर तेवढ्यात आणखी एक लाल ओळ येऊन गेली. अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कोमट आहे," ते म्हणाले. मग हात काढून घेत, "काही कळत नाही गं."

दादाने मान फिरवली. वडिलांच्या तोंडून हे वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"शाळेत हे कॉम्प्युटर कशाला हवेत, ते माहीत आहे का कुणाला?" वहिनीने विचारलं.

"धडे," दादा म्हणाला. "चित्रं, कविता. एखादं चित्र थोडं वाकडं दिसेल. एवढं काय?"

"नुसते धडे नाहीत." हे ताई बोलली, आणि बोलता बोलता तिचाच आवाज मंदावला. "निकाल पण यावरच लागणार आहेत. गुणांच्या बेरजा. ह्यांनीच सांगितलं मला. पत्रकं ह्यांच्याकडे येतात." ती पुन्हा स्टुलावर बसली. "सही ह्यांची असते त्यावर."

"ताई, तू आत्ता म्हणालीस ना की—"

"म्हणाले होते. आता नाही म्हणत. माझ्या नवऱ्याच्या सहीने कुणाचं तरी पोर नापास होणार आणि तू तिकडे देखभालीला जाणार? कुठल्या शाळेत आधी जाशील? सगळ्या शाळांत एकदम?"

"हे बरं आहे. मघाशी शब्द महत्त्वाचा, आता सही महत्त्वाची."

"हो, आहे. तुझं तुझ्यापुरतं, माझं माझ्यापुरतं. घर असंच चालतं."

दादाने वहिनीकडे पाहिलं. सगळे उलटले तरी ही आपल्या बाजूला असेल, अशी काहीतरी अपेक्षा त्या नजरेत होती, आणि ती वहिनीला सोसवेना. या मागणीसाठी त्याने काय काय गिळलं होतं ते तिलाच माहीत होतं. साहेबांच्या दाराबाहेरचा बाक, 'उद्या या' म्हणणारा कारकून, रात्री अंथरुणात पाठ करायची वाक्यं.

"तू आज नसतंच तपासलंस तर?" त्याने विचारलं.

"तर मला कळलं नसतं."

"मग?"

"आता कळलंय ना," ती म्हणाली. "मी खोक्यांवरच्या सह्या खोडतेय. तुम्हाला माल पाठवायचा असेल तर पाठवा, तपासला असं म्हणून नाही जाणार तो."

खात्याची अट होती, तपासणीच्या सहीशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही. दादाला ती अट तोंडपाठ होती. तो खिशात हात घालून खोक्यांकडे बघत राहिला.

"ट्रकवाल्याला फोन कर," अण्णा म्हणाले. "परत जा म्हणावं."

"अण्णा, पुन्हा विचार करा."

"केला. उद्यापासून सगळे डबे लेबलच्या वेगाला, झाकण लावून पळवायचे. एकेक करून. बोट नाही लावायचं कुणी." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते बारक्याकडे वळले. "या नव्या चिपा आल्या कधी?"

"मोसमाच्या सुरुवातीला."

"म्हणजे चष्मेवाला एकटा नाही."

या एका वाक्याने खोलीतली हवाच बदलली. शाळांचा माल निदान भिंतीशी उभा होता, दिसत होता. बाकीचे डबे केव्हाच घरोघर पोचून कामाला लागले होते.

आईंनी पदराला हात पुसले. "मला आठवतात," त्या म्हणाल्या. "झाकण लावताना मी विचारते ना, हा कुणाकडे चाललाय म्हणून. शिकवणीवाले सर. मग वजनकाटेवाला. घराचे नकाशे काढतो तो उंच मुलगा, लग्न ठरलेला." त्यांनी डोळे मिटले. "मग लायब्ररीतल्या बाई. नंतर शिंप्याच्या भावाने नेला, पण तो नुसता पत्ते खेळतो त्यावर."

"तो राहू दे शेवटी," बारक्या म्हणाला.

"आणि लहान मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. त्या मला म्हणाल्या होत्या, आता मुलाचं वजन घातलं की औषध किती द्यायचं ते हाच सांगतो. डोक्याला ताप नाही."

बारक्याने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. "मी नकाशेवाल्याकडे आणि काटेवाल्याकडे जातो."

"सर आणि लायब्ररी माझ्याकडे," ताई म्हणाली. "नुसतं बंद करायला सांगायचं ना? तेवढं येतं मला. वर काका बसलेत, त्यांना कुणीतरी खरं काय ते सांगा."

"मी सांगते," आई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

ट्रकवाल्याला फोन करून झाल्यावर दादा एक कॉम्प्युटर घेऊन उभा होता. मघाशी टिकलेलाच, पण बारक्याने आता लेबलच्या वेगावर आणलेला. शिक्षण खात्यात नेऊन साहेबांना खरा वेग दाखवायचा होता. त्याने डबा काखेत धरला, हलवला, पुन्हा धरला.

"थांब, मी येतो," अण्णा चपला शोधत म्हणाले. "नमुन्याचा वेग मी चढवला होता." दारात ते सुनेकडे वळले. "तिथे काय म्हणायचं गं?"

"चुकलं म्हणा."

"एवढंच?"

"आणि मग गप्प बसा, अण्णा. ते विचारतील तेवढंच सांगा."

"हे दुसरं जास्त अवघड आहे," अण्णा म्हणाले.

दादाच्या तोंडावर हसू नव्हतं, पण त्याने वडिलांसाठी दार धरून ठेवलं. जाताना तो वहिनीकडे न बघता म्हणाला, "नाही घेतले त्यांनी तर पुढे काय करायचं, ते मला माहीत नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिने फोन ओढला. दवाखान्याचा नंबर लागला आणि वाजत राहिला. ओपीडीची वेळ होती. तिच्या डोळ्यांपुढे ती खोली आली. बाकावर आया, मांडीवर पोरं, वजनाचा काटा, आणि टेबलाखाली झाकण लावलेला डबा. सकाळपासून चालू असलेला, तापत आलेला. रिंग थांबली. तिने पुन्हा लावला. वाजतोय, वाजतोय. एखादा आकडा चुकला असेल तर तो दिसणार कसा? काच निदान घालून बघता येते.

"हॅलो?" पलीकडे पोरांचा कालवा होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज घाईत, पण खुशीत होता. "अगंबाई, वहिनी तुम्ही! बरं झालं फोन केलात. तुम्हाला सांगायचंच होतं. तुमचा डबा झकास चाललाय हं. आल्यापासून एकदाही अडकला नाही."

"हो," वहिनी म्हणाली. "म्हणूनच फोन केलाय. आधी तो बंद करा."